कात्रजचा घाट आणि सोनखताची गोष्ट

मित्रांनो, "त्याने मला चांगलाच कात्रजचा घाट दाखवला!" असे वाक्य तुम्ही मोठ्यांच्या तोंडून कधी ना कधी ऐकले असेल. कात्रजचा घाट दाखवणे म्हणजे सफाईने फसवणे. १६६३ साली शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाइस्तेखानाची बोटे छाटली. त्या रात्री मावळ्यांनी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून बैल उधळून दिले, खानाची फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज मात्र दुसऱ्याच वाटेने निसटले, अशी गोष्ट सांगतात. तेव्हापासून हा वाक्प्रचार मराठीत पक्का होऊन बसला.

मे महिन्याच्या सुटीत माझी दोन भाचरे पुण्याला आली होती. थोरली नववीत जाणारी, धाकटा सहावीत. वाक्प्रचार ऐकून धाकट्याने हट्टच धरला. "मामा, आम्हाला कात्रजचा घाट दाखव. पण खराखुरा! फसवायचं नाही."

मग एका रविवारी भल्या सकाळी आम्ही स्वारगेटहून कात्रजची बस पकडली. पद्मावती, बालाजीनगर मागे पडले आणि पाऊण तासाच्या आत कात्रजला उतरलोही. आधी थंडगार लस्सी झाली. कात्रजला जाऊन दूध-दही न चाखता पुढे जाणे म्हणजे पंढरपूरला जाऊन बुक्का न लावण्यासारखेच! मग प्राणिसंग्रहालयाच्या अंगाने आम्ही तळ्याकडे निघालो.

१९८६ साली इथे सर्पोद्यान सुरू झाले. पुढे १९९९ साली राजीव गांधी प्राणिसंग्रहालय लोकांसाठी खुले झाले, आणि पेशवे पार्कातले प्राणीही कात्रजला आणले. सुमारे १३० एकरांच्या या जागेत मोठे तळेही आहे. पण त्या दिवशी आम्हाला वाघापेक्षा तळ्यानेच जास्त बुचकळ्यात टाकले.

भरल्या पोटी आजारी पडलेले तळे

"मामा, कसला रे वास येतोय?" थोरलीने नाकाला रुमाल लावला.

"तळ्याचा."

"पण तळं तर किती हिरवंगार दिसतंय!" धाकटा म्हणाला. "पाण्यावर केवढी झाडं उगवलीयेत बघ. जांभळी फुलंसुद्धा आहेत."

ती होती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती शोभेसाठी म्हणून जगभर गेली आणि आता जगभरातल्या नद्या-तळ्यांना डोकेदुखी होऊन बसली आहे. दिसायला देखणी, पण वाढते कशावर, तर पाण्यातल्या नत्रावर आणि स्फुरदावर. म्हणजे खतावरच म्हणा ना!

"पाण्यात खत कोण टाकतं?" धाकट्याने विचारले.

"तू टाकतोस, मी टाकतो, सगळेच टाकतात," मी म्हणालो. तो माझ्याकडे बघतच राहिला.

कात्रजच्या वरच्या अंगाला पूर्वी लहान लहान गावे आणि वाड्या होत्या. आता तिथे इमारती झाल्या. पावसाचे पाणी तळ्यात आणणाऱ्या ओढ्यांमधून घराघरांतले सांडपाणीही येऊ लागले. न्हाणीघरातले, मोरीतले, संडासातले. त्यात साबण असतो, अन्नाचे कण असतात, मैला असतो. या सगळ्यात भरपूर नत्र आणि स्फुरद! तळ्याला इतके खायला मिळते, की ते अजीर्ण होऊन आजारी पडते. जलपर्णी आणि शेवाळ माजते, मरते, कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि माशांचा जीव गुदमरतो.

"म्हणजे तळ्याला उपाशी ठेवलं तर ते बरं होईल?" थोरलीने विचारले.

अगदी बरोबर! तळ्याच्या औषधातला पहिला डोस तोच. सांडपाणी आत येऊच न देणे.

आणि हे तळे साधेसुधे नाही बरे का! अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी पुणे शहराला पाणी मिळावे म्हणून ते बांधवून घेतले. इथून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत जमिनीखालून दगड-विटांचा नळ नेला. पंप नाही, वीज नाही. कात्रज उंचावर, शहर सखल भागात, म्हणून पाणी आपल्या पायांनी चालत जाई! वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास म्हणजे हवा खेळण्याची तोंडे ठेवली होती, आणि गाळ खाली बसावा म्हणून टाक्या बांधल्या होत्या. टाकीत पाण्याचा वेग कमी होई, जड माती तळाशी बसे आणि वरचे नितळ पाणी पुढे जाई.

ही गाळ बसवण्याची युक्ती लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

एक बाटली पाणी

तळ्यावरून आम्ही घाटाकडे निघालो. जुन्या कात्रज बोगद्याच्या अलीकडे उतरलो आणि वाघजाईच्या देवळाच्या वाटेने थोडे वर चढलो. सिंहगडापर्यंत डोंगरमाथ्यावरून चालत जाणारे गडी इथूनच निघतात. आम्हाला एवढे लांब जायचे नव्हते. एका टेपाडावर बसून आम्ही डबा उघडला. समोर खाली कात्रजचे तळे, त्याच्या पलीकडे धुरकट पुणे. पाठीमागे खेड-शिवापूरचे खोरे.

"डोंगर किती बोडका आहे!" थोरली म्हणाली.

खरेच होते. मे महिन्यात वाळलेले गवत, मध्येच उघडा मुरूम, कुठे कुठे कातळ. पूर्वी इथे माती नव्हती असे नाही. पण झाडे तुटली, गुरे फार चरली, वणवे लागले, कुठे डोंगरच फोडले. उघडी पडलेली माती दर पावसाळ्यात थोडी थोडी खाली गेली. आपला सह्याद्री म्हणजे काळा बसाल्ट. तो झिजून, फुटून त्याची बोटभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. वाहून जायला मात्र एक मुसळधार पाऊस पुरतो.

मी थोरलीला म्हटले, "तुझ्याजवळची पाण्याची बाटली दे. एक गंमत करू."

उघड्या मुरमाच्या उतारावर तिने अर्धी बाटली हळूहळू ओतली. पाणी क्षणभर थबकले आणि मग सुर्रकन खाली पळाले. जाताना लालसर माती घेऊन गेले. नंतर आम्ही शेजारच्या झुडपाखाली गेलो. तिथे वाळका पाला साठला होता. उरलेली अर्धी बाटली तिने तिथे ओतली. पाणी पाल्यात शिरले आणि दिसेनासे झाले. धाकट्याने पाला बाजूला करून बोट खुपसले. खालची माती ओली, मऊ आणि काळसर होती. एक गांडूळसुद्धा सापडले असते, पण मे महिन्यात ती खोल जाऊन बसतात!

"एकाच डोंगरावर, एकाच उतारावर. मग असं का?" थोरलीने विचारले.

पाला कुजून त्याचा ह्यूमस होतो. ह्यूमस स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. त्यात जिवाणू, बुरशी, किडे राहतात, ते मातीचे कण एकमेकांना चिकटवतात आणि मातीत बारीक बारीक भोके ठेवतात. उघड्या मुरमात यातले काहीच नसते. तिथे रोप लावले तर खायला नाही आणि प्यायलाही नाही. पावसाळ्यात लावलेली कितीतरी रोपे पुढच्या मे महिन्यापर्यंत मरतात ती याचमुळे.

आणि मित्रांनो, बाटलीभर पाण्याची ही गंमत डोंगरभर पावसाची झाली की ती गंमत राहत नाही. जून २०१३ मध्ये याच घाटाच्या पलीकडे, शिंदेवाडीजवळ, डोंगर फोडल्याने पाण्याची जुनी वाट मोडली. पावसाचा लोंढा थेट रस्त्यावर आला, एक मोटार वाहून गेली आणि त्यातल्या मायलेकींचा जीव गेला. पुढे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून पुण्यात येणाऱ्या आंबिल ओढ्याला असा पूर आला, की काठच्या वस्त्यांमधली कितीतरी माणसे गेली, घरे गेली, बांधलेली जनावरे जागच्या जागी बुडाली. त्या पुराला कारणे अनेक होती. थोड्या वेळात पडलेला खूप पाऊस, ओढ्याची अरुंद झालेली वाट, काठावरची बांधकामे. पण डोंगर पाणी धरून ठेवत नाही, हेही त्यातलेच एक.

आम्ही तिघेही थोडा वेळ गप्प बसलो. मग धाकटा एकदम म्हणाला,

"मामा, खाली तळ्यात खत जास्त झालंय. इथे वर डोंगराला खत कमी पडतंय. मग तिथली घाण उचलून इथे का नाही टाकत? तळंही बरं होईल आणि झाडंही वाढतील!"

थोरली हसली. "शी! घाण काय डोंगरावर टाकायची?"

पण मला हसू आले नाही. कारण धाकट्याने विचारलेला प्रश्न जगभरातले शास्त्रज्ञ गेली शंभर वर्षे विचारत आले आहेत.

सोने म्हणावे की घाण?

मराठीत एक सुंदर शब्द आहे, सोनखत. माणसाच्या मैल्यापासून तयार केलेल्या खताला आपल्या लोकांनी सोन्याचे नाव दिले! कारण शेतकऱ्याला त्याची किंमत माहीत होती. इंग्रजांच्या काळात पुण्यात गोळा होणारा मैला राखेत मिसळून वाळवत आणि आसपासच्या शेतकऱ्यांना खत म्हणून विकत. मुठा कालव्याच्या पाण्यावरचा ऊस त्या खतावर पोसला जाई.

पण या सोन्याला एक काळी बाजू होती. मैला घरोघरचे टोपले-डबे भरून, डोक्यावरून वाहून न्यावा लागे, आणि हे काम काही ठरावीक जातींच्या माणसांवरच लादलेले होते. खत सोन्याचे, पण ते वाहणाऱ्याला मात्र शिवायचे नाही! केवढा हा अन्याय! कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांना हे सहन झाले नाही. गांधीजींच्या या अनुयायाने स्वतः हातात झाडू घेतला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी असे संडास करून दाखवले, की मैल्याला कोणी हात न लावता त्याचे आपोआप खत व्हावे. मैला वाहण्याची प्रथा बंद करणारे कायदे आपल्या देशात १९९३ आणि २०१३ साली झाले. तरीही आजसुद्धा गटारात उतरून माणसे गुदमरल्याच्या बातम्या येतात. म्हणून सोनखताचा विचार करताना पहिली अट हीच, की ते काम माणसाने नाही, यंत्राने करायचे.

हे सगळे ऐकून थोरलीची "शी" कुठल्या कुठे गेली. "मग आता पुण्याचा सगळा मैला जातो तरी कुठे?" तिने विचारले. उत्तर सांगण्यापेक्षा दाखवणे बरे, असे मी ठरवले.

गाळाचा प्रवास

पुढच्या आठवड्यात, आधी रीतसर परवानगी काढून, आम्ही नदीकाठच्या एका मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात गेलो. पुण्यात अशी अनेक केंद्रे आहेत. ती पुरी पडत नाहीत म्हणून जपानच्या जायका या संस्थेच्या मदतीने आणखी ११ केंद्रे उभारण्याचा करार २०१६ साली झाला. दिवसाला ३९.६ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची ही योजना आहे.

केंद्रातल्या अभियंता काकांनी धाकट्याला पहिलाच प्रश्न टाकला, "दहा लिटरची एक बादली सांडपाणी घेतलं, तर त्यात घाण किती असेल?"

"अर्धी बादली!"

"अरे नाही रे! जेमतेम दहा ग्रॅम. दोन चमचे. हजार भागांत नऊशे नव्व्याण्णव भाग पाणीच असतं. आमचं काम एवढंच, की हे दोन चमचे पाण्यातून वेगळे काढायचे."

आधी मोठ्या जाळ्यांवर चिंध्या, प्लॅस्टिक, काड्या अडतात. मग वाळू खाली बसते. पुढे एक भलीमोठी गोल टाकी. तिच्यात पाणी इतके संथ असते, की हलते आहे की नाही तेच कळत नाही. जड घाण तळाशी बसते.

"पेशव्यांची टाकी!" थोरली ओरडली. काका चकित झाले. मग आम्ही त्यांना कात्रजच्या नळाची गोष्ट सांगितली.

त्यानंतरच्या टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडतात. तिथे कोट्यवधी जिवाणू पाण्यात विरघळलेली घाण खातात, वाढतात आणि त्यांचे पुंजके होतात. पुढच्या टाकीत ते पुंजकेही तळाशी बसतात. वरचे पाणी निर्जंतुक करून नदीत सोडतात. आणि तळाचा तो सगळा काळपट, दाट द्रव म्हणजे गाळ. शहराचे सोनखत!

हा गाळ बंद टाकीत, हवा लागू न देता, साधारण ३५ अंश उष्णतेत काही आठवडे ठेवला, की दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याच्यावर ताव मारतात. त्यातून मिथेन निघतो. आपल्या गोबरगॅससारखाच! त्यावर वीज करता येते. उरलेला गाळ यंत्रात गरगर फिरवून किंवा उन्हात वाळवून त्यातले पाणी काढतात. हातात घेतला तर ओलसर, काळ्या मातीसारखा. धाकट्याने हळूच वास घेतला. "घाण वास नाहीच येत फारसा. मग टाकू या ना डोंगरावर!"

"थांब," काका म्हणाले. "दिसतं तितकं सोपं नाही ते. या गाळात तीन चोर लपलेले असतात."

तीन चोर

पहिला चोर म्हणजे रोगजंतू आणि जंतांची अंडी. जंताचे अंडे मोठे चिवट! मातीत ते महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षेही टिकते. त्यावर उपाय उष्णता. गाळात वाळका पाला, लाकडाचा भुसा मिसळून ढीग रचला, तर आतल्या जिवाणूंच्या कामाने ढीग आपोआप तापतो. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांप्रमाणे असा लांबट ढीग किमान १५ दिवस ५५ अंशांवर राहायला हवा आणि तेवढ्यात पाच वेळा उलथापालथ व्हायला हवी. दुसरा उपाय आपल्या मुंबईचा! भाभा अणुसंशोधन केंद्राने गॅमा किरणांनी गाळ निर्जंतुक करण्याचे तंत्र विकसित केले. बडोद्याला १९९२ पासून ते वापरले गेले आणि २०१९ साली अहमदाबादला रोज १०० टन कोरड्या गाळासाठी मोठे केंद्र सुरू झाले. एक्सरे काढल्यावर आपण जसे किरणोत्सारी होत नाही, तसा हा गाळही होत नाही.

दुसरा चोर म्हणजे जड धातू. कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल, पारा. धातूला मुलामा देणारे कारखाने आणि लहान-मोठी वर्कशॉप यांचे पाणी गटारात गेले की हे धातू गाळात येऊन बसतात. जंतू उष्णतेने मरतात, पण धातू कसे मरणार? तापवा, कुजवा, किरण सोडा, ते तिथेच! म्हणून गाळ आधी प्रयोगशाळेत तपासायचा आणि भाजीपाल्याच्या शेतापेक्षा झाडांसाठी वापरणे जास्त सुरक्षित. आपण कडुनिंबाचे किंवा करंजाचे झाड काही खात नाही!

तिसरा चोर नवा आहे. कपडे भिजू नयेत, तव्याला डोसा चिकटू नये, म्हणून काही विशिष्ट रसायने वापरतात. ती निसर्गात वर्षानुवर्षे मोडतच नाहीत, म्हणून त्यांना कायमची रसायने म्हणतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात शेतांवर वर्षानुवर्षे गाळ टाकला होता. तिथल्या काही शेतांत, विहिरींत आणि दुधातही ही रसायने सापडली. शेवटी २०२२ साली त्या राज्याने शेतात गाळ टाकण्यावर बंदी घातली.

"म्हणजे सगळंच मुसळ केरात!" थोरली हिरमुसली.

"अजिबात नाही," काका म्हणाले. "जपून केलं तर काम होतं. आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या."

मेलेल्या ढिगाऱ्यावर झाडे

नागपूरला नीरी ही राष्ट्रीय संस्था आहे. पर्यावरणाचे प्रश्न सोडवणे हेच तिचे काम. तिच्या शास्त्रज्ञ डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळशाच्या खाणीतून उकरून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यावर प्रयोग केला. हा ढिगारा १० हेक्टरांवर पसरलेला होता. त्यात ना ह्यूमस, ना जिवाणू. आपला कात्रजचा मुरूम त्याच्यापुढे श्रीमंत म्हणायचा!

त्यांनी सांडपाणी शुद्ध करताना निघालेला गाळ वापरला. तो शहरी मैल्याचा नव्हता, कारखान्याच्या सांडपाण्याचा होता. पण तत्त्व तेच. हेक्टरी ५० टन. आता गणित करा बरे! एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. म्हणजे एका चौरस मीटरला ५ किलो, एक लहान पिशवीभर. नुसता गाळच टाकला नाही, तर हवेतले नत्र मातीत आणणारे जिवाणू आणि मुळांना पाणी-अन्न शोधून देणारी मायकोरायझा नावाची बुरशी यांचीही जोड दिली. मग त्या जागेला मानवतील अशी झाडे लावली. त्यांचा शोधनिबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. ढिगाऱ्यात जवळजवळ नसलेले जिवाणू परत आले, माती सुधारली, झाडे रुजली, आणि जड धातूंचा त्रासही कमी झालेला आढळला. सेंद्रिय पदार्थांनी काही धातूंना धरून ठेवले होते.

परदेशातही हे झाले आहे. शिकागो शहराने १९७० च्या दशकात आपला गाळ बार्जमध्ये भरून नदीतून दूरच्या फुल्टन परगण्यात नेला आणि कोळशासाठी खणून टाकलेल्या जमिनीवर पसरला. मिलवॉकी शहर तर १९२६ पासून आपल्या गाळाचे खत पिशव्यांत भरून विकते आहे.

"मग कात्रजच्या डोंगरावर?" धाकट्याने आपला मूळ प्रश्न सोडला नव्हता.

काकांनी एक कागद घेतला. वर डोंगर काढला, खाली तळे काढले आणि पेन्सिल धाकट्याच्या हातात दिली. "आता पावसाळा आलाय. डोंगरावर तू गाळ पसरलास. पाणी कुठून कुठे जाईल, ते काढ."

धाकट्याने डोंगरावरून रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ उतरत उतरत खाली आली आणि तळ्यात शिरली. त्याची पेन्सिल थांबली.

"सगळं परत तळ्यातच!" तो हळूच म्हणाला.

"म्हणजे तू डोंगराला जेवायला घातलंस, आणि डोंगराने ताट तळ्यात उपडं केलं," थोरली म्हणाली.

म्हणून जागा निवडणे हे गाळाइतकेच महत्त्वाचे. तीव्र उतार नको, ओढ्या-विहिरीजवळ नको. खाणींचे ढिगारे, पाण्यापासून दूरची सपाट पडीक जमीन, रस्त्याकडेची झाडे, अशा जागा आधी. गाळ पृष्ठभागावर पसरण्यापेक्षा तपासलेले, नीट कुजवलेले खत खड्ड्यात मातीखाली घालायचे, तेही मोजून. कात्रजसारख्या डोंगराला मात्र आधी समतल चर हवेत, म्हणजे उताराला आडवे खणलेले, पाणी अडवून जिरवणारे चर. त्याचा स्वतःचा पाला त्याच्याजवळच राहू द्यायला हवा. वणवा लागू द्यायचा नाही. आणि झाडे इथलीच लावायची. पळस, पांगारा, काटेसावर, बहावा, आपटा, करंज. भराभर वाढते म्हणून नुसते गिरिपुष्प लावले की डोंगर हिरवा दिसतो, पण तऱ्हेतऱ्हेचे पक्षी आणि फुलपाखरे येत नाहीत. म्हणजे तोही एक कात्रजचा घाटच की!

निघताना थोरलीने काकांना विचारले, "आम्ही काय करू शकतो? आम्हाला काही केंद्र चालवता येणार नाही."

काका म्हणाले, "केंद्र तुमच्या घरातूनच सुरू होतं. तुमच्या मोरीच्या भोकापासून. तिथे जे ओताल, तेच माझ्या टाकीत येतं. त्यावरच ठरतं, की माझ्या गाळाचं सोनखत होणार की विष."

मोरीपाशी

दोन दिवसांनी धाकटा गॅलरीत जुन्या खुर्चीला रंग देत बसला होता. सुटीतला उद्योग! काम झाल्यावर त्याने ब्रश टर्पेंटाइनच्या डबड्यात खळखळून धुतला आणि डबडे घेऊन मोरीकडे गेला. मी स्वयंपाकघरातून बघत होतो. मी काहीच बोललो नाही.

मोरीपाशी तो थांबला. डबड्यात पाहिले. मग भोकाकडे पाहिले. आणि तसाच मागे फिरला.

"मामा, हे कुठे टाकू?"

आम्ही डबड्याला घट्ट झाकण लावले, त्यावर 'रंग व टर्पेंटाइन' अशी चिठ्ठी चिकटवली आणि घातक कचऱ्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या पिशवीत ते ठेवले. त्याच पिशवीत आजीने मुदत संपलेल्या औषधांची पाकिटे टाकली आणि थोरलीने घड्याळातला जुना सेल. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना ती पिशवी वेगळी देताना थोरलीने आवर्जून सांगितले, "ताई, यात रंग आणि औषधं आहेत हं. हात लावू नका, तशीच द्या."

मित्रांनो, पाणी ओतले की ते भोकातून दिसेनासे होते आणि आपल्याला वाटते, घाण गेली! पण ती कुठेच जात नाही. ती ओढ्यात जाते, तळ्यात जाते, टाकीत बसते आणि एक दिवस आपल्याच मातीत परत येते. शाइस्तेखानाच्या फौजेला निदान दुसऱ्याने कात्रजचा घाट दाखवला होता. आपण मोरीपाशी उभे राहून तो स्वतःलाच दाखवत असतो.

जाण्याच्या आदल्या दिवशी धाकट्याने मला बजावले, "मामा, पावसाळ्यात पुन्हा घाटात जायचं. त्या झुडपाखालचा पाला अजून आहे का, ते बघायचंय मला."

पाण्याची एक बाटली बरोबर न्यायची, हेही त्याने वहीत लिहून ठेवले आहे.